ताजी क्रॅनबेरी, सुकी क्रॅनबेरी आणि ती नडलेली कपभर साखर

भाचीने न्यू जर्सीहून पाठवलेली क्रॅनबेरी सॉसची कृती तीन ओळींची होती. क्रॅनबेरीचं एक पाकीट, एक कप साखर, एक कप पाणी. उकळा, फुटू द्या, गार करा. मी पुण्यातल्या ड्रायफ्रूटच्या दुकानातून क्रॅनबेरीचं पाकीट आणलं, साखर मोजून घातली आणि फळं कधी फुटतात ते बघत गॅसपाशी उभी राहिले. वीस मिनिटांनी पातेल्यात जे तयार झालं ते डावाला चिकटून लोंबत होतं, आणि चमचाभर खाल्ल्यावर घसा खवखवला. फोनवर भाची आधी पोटभर हसली. "मावशी, सुक्या घेतल्यास का? अगं, त्या वेगळ्या!"

किती वेगळ्या, ते पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं. द्राक्ष वाळलं की बेदाणा, अंजीर वाळलं की सुकं अंजीर. तशीच क्रॅनबेरी वाळली की सुकी क्रॅनबेरी आणि पाण्यात भिजवली की पुन्हा पहिल्यासारखी, असा माझा समज. पण द्राक्षाला स्वतःची साखर असते. ताज्या क्रॅनबेरीत शंभर ग्रॅममागे साखर जेमतेम 4 ग्रॅम, आणि आंबटपणा मात्र असा की नुसती वाळवली तर कुणी तोंडात धरणार नाही. म्हणून कारखान्यात फळं गोठवून चिरतात, त्यातला बराचसा रस काढून ज्यूससाठी वेगळा करतात, उरलेल्या साली आणि गरात साखरेचा पाक मुरवतात, मग वाळवतात. तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शेवटी सूर्यफुलाच्या तेलाचा हलका हात फिरवतात. एवढं सगळं होऊन पाकिटात जे येतं त्यात शंभर ग्रॅममागे साखर 70 ग्रॅमच्या आसपास असते.

आपल्या भाषेत सांगायचं तर ताजी क्रॅनबेरी म्हणजे आवळा आणि सुकी म्हणजे आवळा कँडी. आवळा कँडी घेऊन, वर किलोभर साखरेचा पाक करून मोरावळा घालायला कुणी बसत नाही. मी बसले होते.

ताज्या फळाचा सॉस आपोआप का जमतो

सॉस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोमॅटोची बाटली येते. हा सॉस तसा ओतता येत नाही, चमच्याने वाढावा लागतो; साखरांब्याच्या जवळचा, पण त्याहून खूप आंबट. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीशेजारी तो असतोच. टर्कीचं मांस कोरडं आणि सपक. त्याला लोणच्यासारखं काहीतरी तोंडी लावायला हवंच.

हे फळ मूळचं उत्तर अमेरिकेतलं, पाणथळ जमिनीत पसरणाऱ्या वेलीचं. लागवडीची सुरुवात 1816 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिस या गावी हेन्री हॉल याने केली असं मानतात. आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक विस्कॉन्सिनमध्ये येतं. शेतात पाणी सोडून लालभडक फळं तरंगवतात ते फोटो आपण पाहिलेले असतात. ती तरंगतात, कारण प्रत्येक फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात. पातेल्यात फळ फुटतं तेही या पोकळीमुळेच: आच लागली की आतली हवा आणि वाफ फुगते, ताणलेली साल फट्‌ करून फाटते आणि गर बाहेर येतो.

त्या गरात आणि सालीत पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन, आम्ल आणि साखर हे तिघं पाण्यात एकत्र आले की गार होताना जेली धरते. कवठाची जेली ज्यांनी केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. क्रॅनबेरीत पेक्टिन आहे, आम्ल आहे, नसते ती फक्त साखर. ती कपभर घातली की काम झालं. तिथलं नेहमीचं पाकीट 12 औंसाचं, म्हणजे 340 ग्रॅमचं. त्याला कपभर साखर म्हणजे 200 ग्रॅम आणि कपभर पाणी. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं पुरतात. गरम असताना ते पातळच दिसतं, तिथे घाबरून आटवत बसायचं नाही. गोठवलेली फळं मिळाली तर तीही अशीच चालतात, बर्फ सुटायची वाट न बघता थेट पातेल्यात.

(डब्यातून अख्खी घसरून बाहेर येणारी आणि अंगावर डब्याच्या वळ्या उमटलेली जेली हाही तिथे क्रॅनबेरी सॉसच. डबाबंद सॉसची सुरुवात 1912 मधली, मार्कस उरान या मॅसॅच्युसेट्समधल्या बागायतदाराची. भाचीच्या घरी मुलांना तोच हवा असतो.)

सुक्या फळाला उलट वागवायचं

सुकी क्रॅनबेरी कितीही उकळा, ती फुटत नाही. तिचे कप्पे कारखान्यातच चिरले गेलेले असतात. ती फुगते, मऊ होते, पण सालीचा चिवटपणा थोडा राहतोच. रसाबरोबर आंबटपणाही बराच गेलेला असतो, आणि तिच्या भरवशावर जेली धरत नाही. म्हणजे ताज्या फळात जे कमी होतं ते इथे उतू जातंय, आणि तिथे जे फुकट मिळत होतं ते इथे बाहेरून आणायचं आहे. साखर शून्य, आंबट जास्त, आणि दाटपणासाठी कुणाची तरी मदत.

मी आता करते ते असं. 150 ग्रॅम सुकी क्रॅनबेरी गरम पाण्यातून एकदा झटकन काढते, म्हणजे वरचं तेल जातं. मग पाव लिटर कडकडीत पाण्यात अर्धा तास झाकून ठेवते. हे पाणी मात्र टाकायचं नाही, रंग आणि उरलासुरला आंबटपणा त्यातच उतरतो. त्याच पाण्यासकट पातेल्यात, वर 100 मिली संत्र्याचा रस (नोव्हेंबरात नागपुरी संत्री आलेलीच असतात), अर्धं सफरचंद सालीसकट किसून, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा आणि एक चमचा लिंबाचा रस. सफरचंद चवीसाठी नाही, त्याच्या पेक्टिनसाठी आहे. मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवून निम्मं मिश्रण डावाने चेचते. सगळं मिक्सरमधून काढलं तर गुळगुळीत होतं, पण मग ते पोळीला लावायच्या जॅमसारखं वाटतं. मला तुकडे दाताखाली आलेले आवडतात. शेवटी चिमूटभर मीठ आणि आणखी चमचाभर लिंबू. दाट झालंय का हे फ्रीजमधल्या थंड बशीवर थेंब टाकून बघायचं. बोटाने मध्ये रेघ ओढली आणि ती लगेच मिटली नाही की गॅस बंद.

साखर नाही म्हटल्यावर नवऱ्याने तोंड वाकडं केलं होतं, म्हणून हिशोब मांडून दाखवला. 150 ग्रॅम सुक्या फळात मुरलेली साखर शंभर ग्रॅमच्या वर जाते, आणि सॉस होतो साधारण 400 ग्रॅम. ताज्या फळाच्या कृतीत कपभर साखर घालून जेवढी गोडी येते, जवळपास तेवढीच ही. वरून कपभर साखर घालून मी पहिल्यांदा जे केलं होतं ते म्हणजे पाकात पाक.

एक गोष्ट दुकानातच बघून घ्यायची. काही पाकिटांवर सफरचंदाच्या रसात गोड केल्याचं लिहिलेलं असतं. नाव सोज्वळ, साखर जवळपास तेवढीच. कृती बदलत नाही.

आणि दुकानदार 'इंडियन क्रॅनबेरी' म्हणाला तर

तर त्याच्या हातात बहुधा करवंदं आहेत. करवंदाला इंग्रजीत हे नाव चिकटलंय खरं, पण दोघांचं नातं काही नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, काटेरी जाळीवर येणारं, देठ तोडला की पांढरा चीक गाळणारं. क्रॅनबेरी ब्लूबेरीची चुलत बहीण. बेकरीत केकवर जी लाल 'चेरी' बसवलेली असते ती पुष्कळदा बी काढून, पाकात घालून रंगवलेलं करवंदच असते. असाच माल सुट्ट्या डब्यातून क्रॅनबेरी म्हणूनही खपवला जातो. गोल, टपोरं, एकसारखं चकचकीत लाल दिसलं की मी हात आखडता घेते. खरी सुकी क्रॅनबेरी सुरकुतलेली, बहुतेक चिरलेली आणि गडद मरून असते. शंका राहिलीच तर चार दाणे गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. क्रॅनबेरीचा नैसर्गिक रंग लगेच लाली सोडून निळसर-करड्याकडे झुकतो. बाटलीतला लाल रंग ढिम्म हलत नाही.

गंमत अशी की पाकातलं करवंद जितकं कुचकामी, तितकंच कच्चं करवंद या सॉसला चोख. आंबट ते आहेच, पेक्टिनही त्यात भरपूर, स्वतःची साखर थोडकी. स्वभावाने ताज्या क्रॅनबेरीच्या जवळ सुकी क्रॅनबेरी नाही, जाळीवरचं कच्चं करवंद आहे. मिठाच्या पाण्यात घालून चीक काढायचा, चिरून बिया काढायच्या आणि भाचीची मूळ कृती कपभर साखरेसकट जशीच्या तशी करायची. रंग तेवढा फिकट गुलाबी येतो आणि शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा राहतो.

अडचण एकच. कच्ची करवंदं चैत्रात, आणि टर्की नोव्हेंबरात. यंदा मुळशीहून आणलेल्यांपैकी अर्धा किलो बिया काढून फ्रीजरमध्ये टाकली आहेत. दिवाळीनंतर भाची येणार आहे, येताना खऱ्या क्रॅनबेरीचा एक डबा आणायला सांगितलंय. दोन वाट्या शेजारी ठेवून बघू.