आजींचा प्रश्न कुठून आला

ठाण्याच्या नौपाड्यात आमचा पाच-सात जणांचा अभ्यासगट भरतो. मागच्या खेपेला एका आजींनी विचारलं, "देव नाही म्हणता, मग खोटं बोलू नकोस हे नातवाला कशाच्या जोरावर सांगू?" प्रश्न जुनाच. देवाला आवडतं म्हणून एखादं कृत्य चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं, हा पेच प्लेटोने एका संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी घातला, त्याला सुमारे चोवीसशे वर्षं झाली.

ठाण्यात मात्र धर्माबद्दलच्या प्रश्नांचा इतिहास रक्तानेच सुरू झालेला दिसतो. १३२१ च्या एप्रिलमध्ये चार ख्रिस्ती फ्रान्सिस्कन साधूंना इथे काझीसमोर उभं केलं गेलं. पैगंबरांविषयी तुमचं मत काय, असं विचारलं गेलं आणि उत्तरापायी चौघांचा जीव गेला. पुढे पोर्तुगीज आले, तेव्हा पारडं फिरलं. १५६० पासून गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, धाक त्यांच्या साऱ्या मुलखावर होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. काझी काय नि पोर्तुगीज काय, दोन्ही काळांत विचारणाऱ्याच्या हाती सत्ता होती, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. उत्तर चुकलं तर जीव जाणार असेल, तर तिथे विचार होत नाही, उलटतपासणी होते.

एकोणिसाव्या शतकातही भीती सरली नव्हती, फक्त ती आता जातीची होती. १८४९ च्या सुमारास मुंबईत जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा निघाली ती गुप्तपणे. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८६० मध्ये सभासदांची नावं फुटली आणि सभा मोडली. आगरकर उघडपणे लिहीत राहिले, तर पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचलेला हा अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, माणूस नीतीचा आधार माणसाच्या सुखदुःखात शोधत होता. आजींना पहिलं उत्तर मी त्यांच्याकडूनच देईन.

दुसरं जोतीराव फुल्यांकडून. त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून आलं. त्यात एकाच घरातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, असं कुटुंब त्यांनी कल्पिलं आहे. प्रत्येकाने आपापला धर्मग्रंथ वाचून स्वतःच्या मर्जीने निवड करायची आणि कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही. निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, ते मानत होते, पण वागणूक तपासताना कुणाला सूट देत नव्हते. कौपिनेश्वराचं मंदिर, ज्यूंचं १८७९ चं सिनेगॉग आणि जुनं चर्च एकाच गावात पाहणाऱ्या ठाणेकराला हे घर परकं वाटू नये.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी ज्याचा आग्रह धरला होता तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. देव मानू नका, असं त्यात कुठेही नाही. भीती घालून लुबाडणं आणि अघोरी छळ हा गुन्हा आहे, एवढंच तो सांगतो.

पुढच्या बैठकीत फुल्यांचं ते पान वाचायचं ठरलंय. वाचणार आजीच.