‘हुशार आहेस’ म्हटल्याने आत्मविश्वास वाढतो का?

मुलाला वारंवार ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले की त्याचा आत्मविश्वास वाढतो आणि ते अधिक शिकते, हा समज शिक्षकांत आणि पालकांत वर्षानुवर्षे रुजलेला आहे. तो निदान अर्धा तरी चुकीचा आहे.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची स्तुती केली आणि त्यानंतर मुद्दाम कठीण कोडी पुढे ठेवली. अपयश आल्यावर बुद्धीची स्तुती ऐकलेली मुले लवकर हिरमुसली, आणि पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली तेव्हा त्यांची कामगिरी आधीपेक्षा खालावली, तर मेहनतीचे कौतुक झालेल्यांची सुधारली. मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच वाटते: आपले गुण इतर मुलांना कळवताना बुद्धीची स्तुती झालेल्यांपैकी सुमारे 38 टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले, मेहनतीच्या गटात हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास होते.

कारण उघड आहे. ज्याची ओळखच ‘हुशार’ अशी ठरवली गेली, त्याच्यासाठी चूक हा अभ्यासाचा टप्पा न राहता नामुष्की ठरते, आणि ती लपवावीशी वाटते.

अर्थात, उत्तर चुकलेले असताना केवळ ‘छान मेहनत केलीस’ म्हणणे हीदेखील फसवणूकच. कोणती पद्धत उपयोगी पडली आणि कुठे अडले, हे मुलाला नेमके सांगावे लागते. शिवाय चूक वर्गात उघडपणे बोलता येईल, इतकी सुरक्षितता शिक्षकाला आधी निर्माण करावी लागते.