सहा घरं, एक नळी

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या गोल भागात, काडतुसांची बहुधा सहा घरं असतात, नळी मात्र एकच. म्हणून दर वेळी सिलिंडर नेमका 60 अंश फिरायला हवा, पुढचं घर नळीच्या रेषेत येऊन पक्कं अडायला हवं आणि त्यानंतरच घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग, पडायला हवा. घोडा मागे ओढला की सिलिंडर फिरेल आणि जागेवर अडेल, अशा रचनेचं अमेरिकी पेटंट सॅम्युएल कोल्टने 1836 साली मिळवलं. बिघाड शोधताना आजही हाच क्रम तपासायचा असतो.

त्याआधी शस्त्र रिकामं करा. सहाही घरं डोळ्यांनी बघा, बोट लावून खात्री करा.

सिलिंडर जड फिरू लागला की लोक स्प्रिंगला दोष देतात. माझा पहिला संशय काडतुसातल्या दारूच्या कणावर असतो. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरच्या मागच्या तोंडाशी चांदणीच्या आकाराचा एक भाग असतो. सिलिंडरच्या मधून जाणारा दांडा दाबला की तो वर उचलला जातो आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलतो. त्या क्षणी नळी आडवी असेल, तर न जळलेल्या दारूचे दोन-चार कण चांदणीखाली शिरतात. मग ती खाचेत पूर्ण बसत नाही, केसभर वर राहते आणि मागच्या चौकटीला घासते. मोहरीहून बारीक कणाने चांगलं शस्त्र अडतं. दांडा दाबून धरून चांदणीखाली कोरडा टूथब्रश फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. पुंगळ्या काढताना नळीचं तोंड वर ठेवलं तर कण तिथे जातच नाहीत. तरीही सिलिंडर अडत असेल, तर दांड्याचे आटे ढिले झालेत का, किंवा काडतुसाचा प्रायमर, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणारी बुडातली टोपी, मागे उठून आलाय का, ते बघावं.

घोडा पडला पण बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. मग प्रायमरवरची खूण बघा. ती उथळ असेल, तर घोड्याची स्प्रिंग कमजोर आहे किंवा सिलिंडर मागेपुढे हलतोय. खोल असेल, तर काडतूसच खराब. आणि बार नुसताच ‘फुस्स’ झाला, तर दुसरी गोळी अजिबात झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते.

सगळ्यात नाजूक दोष म्हणजे वेळ चुकणं. सिलिंडरला एक छोटा खटका दातेरी चाकासारखा ढकलतो. तो झिजला की सिलिंडर थोडा मागे राहतो. घर मध्यापासून 12 मिलिमीटरवर असेल, तर 1 अंशाची चूक म्हणजे 0.2 मिलिमीटर. तेवढ्यानेही गोळीची कड नळीच्या तोंडावर तासली जाते आणि शिशाचे कण सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून बाजूला उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत. रिकाम्या शस्त्रावर सिलिंडरला बोटाचा हलका अडथळा देत घोडा सावकाश मागे घ्या. घोडा अडकण्याआधी सिलिंडर ‘टक्’ करून बसायला हवा, सहाही घरांत. एकही घर मागे राहिलं, तर शस्त्र गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, द्या. नवा खटका कानसीने घासून बसवावा लागतो, आणि जास्त घासला गेला तर तो वाया जातो.