सिनेबेंच पूर्ण झालं म्हणजे ओव्हरक्लॉक स्टेबल झाला असं नाही

पहिल्यांदा ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेल्या माणसाचा स्क्रीनशॉट ठरलेला असतो. सिनेबेंच आर२३चा आकडा, शेजारी तापमान आणि खाली ‘रॉक स्टेबल’. मग चार दिवसांनी तोच माणूस विचारतो की झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण) का येतेय, विंडोज अपडेट अर्ध्यातच का अडकतंय. दोष एसएसडीला, नाहीतर विंडोजला. सिनेबेंच पास आहे ना, मग प्रोसेसर कसा चुकेल!

सिनेबेंच हा बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारा प्रोग्रॅम, सगळ्यांना माहीत आहे: एक चित्र रेंडर होतं, गुण मिळतात. स्ट्रेस टेस्ट म्हणजे मुद्दाम ताण देऊन प्रोसेसर टिकतो का ते बघणारी प्राइम९५, ओसीसीटी, वाय-क्रंचर ही मंडळी. एक लवकर आटपतं, दुसरं तासन्‌तास चालतं. एकाचा आकडा मिरवता येतो, दुसऱ्याचा नाही. हे फरक खरे, पण किरकोळ. सिनेबेंच अर्धा तास फिरवलं म्हणून त्याची स्ट्रेस टेस्ट होत नाही. (आर२३च्या मेनूत ३० मिनिटांच्या पर्यायापुढेच ‘सिस्टिम स्टॅबिलिटी’ असे शब्द आहेत. या घोळाला तिथूनच खतपाणी मिळतं.)

मुद्दा एकच आहे: प्रोसेसरने काढलेलं उत्तर कोणी तपासतंय का?

बेंचमार्क तपासत नाही. तो पेपर किती वेळात लिहून झाला एवढंच बघणारा पर्यवेक्षक आहे. चित्रातला एखादा पिक्सेल चुकीच्या रंगाचा निघाला तरी गुण तेवढेच. प्रोग्रॅम बंद पडला किंवा निळी स्क्रीन आली तरच त्यातून काही कळणार. पण व्होल्टेज जरासं कमी पडलं की प्रोसेसर दरवेळी कोसळत नाही. बऱ्याचदा तो मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो आणि पुढे चालू लागतो.

प्राइम९५ हे पकडतं, कारण ते मुळात स्ट्रेस टेस्ट म्हणून लिहिलेलंच नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या) शोधण्याचा जिम्प्स हा प्रकल्प सुरू केला, त्याचं हे सॉफ्टवेअर. दिवसेंदिवस चालणाऱ्या गणितात एक बिट चुकला तरी सगळी मेहनत पाण्यात, म्हणून आपलीच उत्तरं तपासण्याची सोय त्यात पहिल्यापासून आहे. अवाढव्य संख्यांचा गुणाकार ते एफएफटी या गणिती पद्धतीने करतं, म्हणजे दशांशांत. शेवटी उत्तर मात्र पूर्णांकच यायला हवं. म्हणून प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकापासून किती सरकलाय ते बघितलं जातं. थोडं सरकणं चालतं. बिघडलं की खिडकीत ओळ येते: ‘फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्सपेक्टेड लेस दॅन ०.४’. पूर्णांकापासून ०.५ पेक्षा लांब जाताच येत नाही. म्हणजे हाती आलेला आकडा निव्वळ कचरा आहे. शिवाय टॉर्चर टेस्टमध्ये (प्राइम९५मधला स्ट्रेस टेस्टचा पर्याय) अंतिम उत्तरं आधीच माहीत असतात, तीही ताडून पाहिली जातात.

ही ओळ येते तेव्हा बाकी कॉम्प्युटर मजेत असतो हे लक्षात घ्या. माउस हलतो, गाणं वाजतं. फक्त प्राइम९५चा एक वर्कर, म्हणजे समांतर चालणाऱ्या गणितांपैकी एक, थांबलेला असतो. टेस्ट लावून झोपायचं आणि सकाळी ‘मशीन चालू आहे, म्हणजे पास’ म्हणायचं, हा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. खिडकी उघडून प्रत्येक वर्करच्या ओळी वाचा.

‘पण एवढा लोड रोज कोण देतं?’ हा ठरलेला प्रश्न. प्राइम९५मधली स्मॉल एफएफटी ही टेस्ट एव्हीएक्ससकट (प्रोसेसरच्या जड गणिती सूचना वापरून) चालवली तर रोजच्या कामापेक्षा उष्णता जास्त निघते, हे मान्य. म्हणून ते मी कूलर जोखायला थोडा वेळच लावतो, आणि मग एव्हीएक्स बंद करून लांब टेस्ट. पण आक्षेप उष्णतेवर घ्या, तपासणीवर नको.

तापमान ठीक आहे म्हणजे ओव्हरक्लॉक टिकला, हाही त्याच घराण्यातला गैरसमज. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्स या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश. ७० अंशांवरही तो चुकू शकतो, व्होल्टेज अपुरं असेल तर. आणि डिसेंबरात पास झालेलं सेटिंग मे महिन्यात नागपूरला पुन्हा तपासा.

कर्व्ह ऑप्टिमायझर (रायझनच्या प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. व्हिडिओ बघून सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० लावायचं आणि सगळ्या कोअरवर टेस्ट चालवायची, यात फारसं काही कळत नाही. पूर्ण लोडवर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली येतो. सर्वात वरचा बूस्ट एखाद-दुसऱ्या कोअरवर लोड असताना मिळतो, आणि घसरण तिथेच होते. म्हणून मशीन प्राइम९५मध्ये तासन्‌तास टिकतं आणि ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतं. यासाठी कोअरसायक्लर हे टूल वापरा. ते एकेका कोअरला पाळीपाळीने पिळतं आणि नेमका कच्चा कोअर दाखवतं.

मग बेंचमार्क टाकाऊ का? मुळीच नाही. व्होल्टेज फार खाली नेलं तर रायझन कधीकधी न कोसळता क्लॉक ताणतो: दाखवतो ४६०० मेगाहर्ट्झ, काम त्याहून कमी. हे प्राइम९५ सांगणार नाही, कारण उत्तरं बरोबरच असतात. सिनेबेंचचे गुण मात्र घसरतात, आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षातला वेग) मागे पडलेला दिसतो. प्रत्येक बदलानंतर आधी सिनेबेंच, मग टेस्ट, हा क्रम मला पटतो.

हे सगळं करताना एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद ठेवा. रॅमची चूक प्रोसेसरच्या माथी मारण्यात हकनाक आठवडा जातो.

टेस्ट संपली की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिआ-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदी शोधा. १८ क्रमांकाची नोंद बहुधा अचानक झालेल्या रीस्टार्टनंतर सापडते. १९ म्हणजे चूक झाली, पण हार्डवेअरने ती जागीच दुरुस्त केली. मेमरी आणि फॅब्रिक (रायझनच्या भागांना जोडणारा अंतर्गत दुवा) स्टॉकवर, म्हणजे मूळ सेटिंगवर असताना १९ दिसला, तर एकही क्रॅश झालेला नसला तरी क्लॉक २५ मेगाहर्ट्झ खाली आणा आणि टेस्ट पुन्हा पहिल्यापासून लावा.