पीसीआर आणि एमसीआर: कोणाच्या ताब्यात, किती दिवस?

कोर्टाच्या व्हरांड्यात वकील येऊन सांगतात, ‘एमसीआर झाला.’ मुलगा आता जेलात जाणार म्हणून आई रडू लागते. वकील म्हणतात, ‘रडू नका मावशी, बरं झालं.’ त्यांचं म्हणणं खरं असतं, पण का, हे सांगायला त्या गडबडीत कुणाला वेळ नसतो.

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. आरोपी लॉकअपमध्ये, तपास अधिकाऱ्याच्या हाती. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. आरोपी येरवडा, आर्थर रोड, तळोजा अशा कारागृहात. तिथे पोलिसांना चौकशी करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. ‘न्यायालयीन’ या शब्दामुळे शिक्षाच झाली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. गुन्हा दोन्हींत सिद्ध झालेला नसतो आणि आदेश दोन्हींत दंडाधिकाऱ्यांचाच लागतो. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत आरोपीला त्यांच्यासमोर उभं करायलाच हवं, असं राज्यघटनेचं अनुच्छेद 22 सांगतं.

पोलीस कोठडी लागतेच कशाला? लपवलेलं हत्यार, चोरीचा माल, फरार साथीदार यांचा माग आरोपीकडूनच काढायचा असतो. ही गरज खरी आहे. पण मारहाणीची भीतीही तिथेच सर्वांत जास्त. म्हणून तर पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब एरवी पुराव्यात धरत नाहीत. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी जोडलेला तेवढाच भाग चालतो. (मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, इथे अपवाद आहे: ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब त्यात ग्राह्य धरता येतो.) डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये नातेवाइकांना अटक कळवणं आणि कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. आरोपीला विचारा, तपासणी झाली का? अंगावर मार असेल तर दंडाधिकाऱ्यांना तिथल्या तिथे सांगायला लावा.

आता मुख्य मुद्दा. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांचीच. जुन्या कायद्यात, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हे दिवस पहिल्या रिमांडपासूनच्या (दंडाधिकाऱ्यांच्या पहिल्या कोठडी-आदेशापासूनच्या) 15 दिवसांतच संपायचे. 1992 च्या अनुपम कुलकर्णी निकालाने ते पक्कं केलं होतं. म्हणून सोळाव्या दिवशी घरचे सुटकेचा श्वास टाकायचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मुळे हेच 15 दिवस तुकड्यातुकड्यांत, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत कधीही मागता येतात. म्हणजे एमसीआर झालेल्या माणसाला पुन्हा लॉकअपमध्ये आणता येतं. मला हा बदल घातक वाटतो. ज्या भिंतीमुळे आई निर्धास्त व्हायची, तिला आता दार पडलं आहे, आणि ‘पीसीआरचे दिवस बाकी आहेत’ असं म्हणत पोलीस जामिनालाही विरोध करू शकतात.

म्हणून वहीत दोन हिशेब ठेवा. एक, पोलीस कोठडीचे किती दिवस वापरले. दुसरा, एकूण कोठडीचा: मृत्युदंड, जन्मठेप किंवा 10 वर्षं वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांत 90 दिवस, इतर गुन्ह्यांत 60. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून. मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज लगेच टाका; त्याआधी आरोपपत्र दाखल झालं तर तो हक्क गेला.