मणका, मज्जारज्जू आणि शीर : एका गोंधळाची पार्श्वभूमी

आंब्याचा हंगाम सुरू झाला की कोकणात झाडावरून पडल्याच्या बातम्या येऊ लागतात. कधी हापूसच्या कलमावरून, कधी माडावरून, कधी पोफळीवरून. त्यांतलं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘मणक्याला मार बसला.’ घरची माणसंही तेच सांगतात, मालवणीत ‘मणको गेलो’. पुढे ऑपरेशन होतं, रॉड आणि स्क्रू घालून मणका बसवतात, एक्स-रे पाहून डॉक्टर ‘छान बसलाय’ म्हणतात. मग महिन्याभराने घरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न : हाड जुळलं, तर पाय का उचलत नाहीत?

हाडाचं नाव आतल्या दोरीला, म्हणजे मेंदूचे निरोप पायांपर्यंत नेणाऱ्या मज्जारज्जूला, देण्याची ही सवय एक्स-रेने पक्की केली. 1895 साली एक्स-रेचा शोध लागला आणि कण्यातलं जे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं ते हाड. दोरी दिसायची तर पाठीतून तिच्याभोवतीच्या पाण्यात डाय सोडून तिची सावली बघावी लागे. ती नीट दिसू लागली एमआरआय आल्यावर, म्हणजे 1980च्या दशकापासून, आणि आपल्याकडच्या तालुक्यांच्या गावांना तर त्याहून बरंच उशिरा. तोवर ‘मणक्याचा आजार’ हा शब्द घराघरांत बसला होता.

पण खरा गुंता ‘मज्जा’ या शब्दाचा आहे. आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी हा सहावा, अस्थीनंतरचा. मटणातली नळी ताटावर ठोकून जो गर काढतात, तो म्हणजे मज्जा. कण्याच्या पोकळीतही मऊ, पांढुरकं असं काही सापडतं, तेव्हा त्यालाही तेच नाव मिळालं. हा घोळ एकट्या मराठीचा नाही. ग्रीक ‘मायेलोस’ आणि लॅटिन ‘मेडुला’ या दोन्ही शब्दांत हाडातला गर आणि कण्यातली दोरी एकत्र नांदतात. म्हणूनच आजही ‘मायलोमा’ हा हाडांतल्या मज्जेचा कर्करोग आणि ‘मायलायटिस’ ही मज्जारज्जूची सूज. मुंबईत 1845 साली पाश्चात्त्य वैद्यकाचं शिक्षण सुरू झालं, पुढे मराठीतूनही ते देण्याचे प्रयत्न झाले. त्या विद्येला मराठी शब्द हवे होते, आणि मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था या शब्दांमध्ये युरोपातली ती जुनी चूक जशीच्या तशी उतरली.

पुढे परिभाषा करणाऱ्यांनी ‘मज्जा’ टाळायचं ठरवलं. मज्जातंतूची चेता झाली, मज्जासंस्थेची चेतासंस्था, मज्जारज्जूचा मेरुरज्जू. विज्ञानाच्या बाजूने हा निर्णय बरोबरच होता, पण तो अर्धवट अमलात आला. शाळेच्या पुस्तकात मेरुरज्जू आहे आणि त्याच धड्यात मेंदूच्या खालच्या टोकाला मात्र लंबमज्जा. वर्तमानपत्रं मज्जारज्जूवरच राहिली, दवाखान्यात ‘स्पायनल कॉर्ड’ चालतं. दहावीतल्या मुलीने पाठ केलेला शब्द तिच्या वडिलांच्या केसपेपरवर नसतो, आणि केसपेपरवरचा आजीला कळत नाही. हिंदीने मेरुरज्जूच्या जोडीला सुषुम्नाही घेतली. मराठीने ती फारशी जवळ केली नाही हे बरंच झालं. योगातली सुषुम्ना ही साधकाची नाडी, ती शवविच्छेदनाच्या टेबलावर शोधायची वस्तू नव्हे.

या गोंधळाची किंमत छोटी नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी मज्जा द्यायची म्हटलं की नातेवाईक हात मागे घेतात : ‘पाठीच्या दोरीतून काढतील, माणूस लुळा होईल.’ सुईने मज्जा घेतात ती कमरेच्या हाडातून. मज्जारज्जूशी तिचा संबंध नावापुरताच. ‘शीर’ तर त्याहून वाईट, रक्तवाहिनीही शीर आणि चेताही शीर. ‘शिरेवर शीर चढली’ म्हणत मांडी आवळून चोळणारे गावोगाव आहेत.

रज्जू हा शब्द मात्र कोकणाला बिनचूक समजावा. काथ्याचा सुंभ घ्या, वरून घट्ट वळलेला, टोकाला पीळ सुटून धागे मोकळे झालेले. मज्जारज्जू तसाच. मोठ्या माणसात सुमारे 45 सेंटिमीटर लांब, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, कारण वाढीच्या वयात हाडं पुढे जातात आणि दोरी मागे राहते. खाली उरतो तो मोकळ्या चेतांचा झुपका, शरीरशास्त्रात त्याला घोड्याच्या शेपटाचं नाव आहे. बाहेर पडणाऱ्या चेतांच्या जोड्या एकूण 31. सिझेरियनच्या वेळी भूल देतात ती सुई दोरी संपल्यानंतर, या झुपक्याच्या पातळीवर जाते. पाठीतून पाणी काढण्याची रीत 1891ची, पाठीतून भूल देऊन पहिलं ऑपरेशन 1898चं, दोन्ही जर्मनीतली. तरी ‘मणक्यात इंजेक्शन घेतलं तेव्हापासून कंबर धरली’ हे वाक्य आजही प्रत्येक वाडीत ऐकू येतं. ते पाणी तरी किती? मेंदू आणि कणा मिळून सुमारे 150 मिलिलीटर. एका शहाळ्यात याहून जास्त निघतं.

त्या पाण्याभोवतीच्या तीन आवरणांपैकी दोघांची नावं दहाव्या शतकातल्या अरबी ग्रंथांतून आली. बाहेरच्या जाड पडद्याला तिथे ‘आई’ म्हटलं होतं, आतल्यालाही ‘आई’, पण पातळ. बाराव्या शतकात लॅटिन करताना त्या पातळ आईची पुण्यशील आई झाली आणि ‘पाया मेटर’ हे नाव कायमचं चिकटलं. मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं आवरण वेगळं ओळखलं गेलं ते सतराव्या शतकात. आपल्या दृढतानिका, जालतानिका, मृदुतानिका यांत आई उरली नाही. अर्थ मात्र सरळ झाला.

प्राचीन काळाबद्दल एवढं पुरे की इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात मान निखळून हातापायांचं भान गेलेल्या माणसाची नोंद आहे, आणि त्यापुढे शेरा : उपचार करू नये.

हा शेरा पुसायचा एक मोठा प्रयत्न 1990चा. मार बसल्यापासून आठ तासांत स्टेरॉईडचा प्रचंड डोस द्यायचा, असं त्या वर्षीच्या एका अमेरिकी चाचणीतून पुढे आलं आणि जगभर ते सुरू झालं. फायदा किरकोळ, जंतुसंसर्गाचा धोका मोठा, असे आक्षेप वाढत गेले. 2013च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ‘देऊ नका’ म्हटलं, तर 2017च्या एका आंतरराष्ट्रीय समितीने आठ तासांच्या आत पर्याय म्हणून पुन्हा दार किलकिलं केलं. कोकणात हा वाद बराचसा कागदावरच राहिला. सिंधुदुर्गातला पेशंट गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात, रत्नागिरीचा आंबा घाट चढून कोल्हापूरला, आणि त्याआधी बागेतून रस्त्यापर्यंत. आठ तास तिथेच सरतात.

आणि दोरीचं अर्धं नशीब त्या बागेतच ठरतं. पडलेल्याला दोघं काखेत धरून बसवतात, कुणी पाणी पाजतो, मग घोंगडीची झोळी होते. झोळीत पाठ वाकते, तुटलेला मणका सरकतो आणि तोवर नुसती चेपलेली दोरी चिरडते. मान-पाठ एका रेषेत धरून, चौघांनी एकदम कुशीवर वळवून त्याला फळीवर घ्यायचं असतं. कलमाच्या बागेत फळी नसते. पडवीतलं बाकडं असतं.