खूण एक, कूळ वेगळे

फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग मुळात मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींच्या कुळातून निपजतो, हा समज १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडल्या गेलेल्या एका गृहीतकापासून अधूनमधून डोके वर काढतो. आधार एवढाच, की गाठीतील पेशींवर प्रतिकारक पेशींच्या काही खुणा आढळल्या होत्या.

चेतापेशींना एकमेकींशी चिकटून राहण्यास मदत करणारे एनकॅम हे प्रथिन नैसर्गिक मारक या प्रतिकारक पेशींवर सीडी५६ म्हणून ओळखले जाते (दोन शाखांनी दोन बारशी केली, इतकेच), आणि तेच स्मॉल सेलच्या बायोप्सीत, सूक्ष्मदर्शकाखाली, पेशीभोवती तपकिरी कडेसारखे उमटते. तरीही मारक पेशीला कोणी चेतापेशीची लेक म्हणत नाही. अशी खूण पेशीत कोणते जनुक चालू आहे ते सांगते. पेशी कोणापासून जन्मली, हे त्यावरून ठरत नाही.

उगमाचा पुरावा निराळा आहे: उंदरांच्या फुप्फुसांतील न्यूरोएंडोक्राइन पेशींमध्ये (चेतापेशींसारखे गुण असलेल्या, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींमध्ये) पी५३ आणि आरबी१ ही कर्करोगाला आवर घालणारी जनुके निकामी केल्यावर हाच कर्करोग उद्भवला, आणि माणसांच्या गाठींतही ही दोन्ही जनुके जवळजवळ नेहमीच बिघडलेली सापडतात. सीडी५६ इतर पेशींवरही असते, म्हणून निदान करताना पॅथॉलॉजिस्ट एकट्या सीडी५६वर विसंबत नाहीत. पेशींचे रूप, सिनॅप्टोफायसिन व क्रोमोग्रॅनिन या न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या खुणाही पाहतात.